न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाची पत

समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या देवघेवीस विश्वासाची फारशी गरज लागत नाहीं. एका हातानें माल द्यावा, दुसऱ्या हातानें रोख नाणें घ्यावें आणि दोघांनीं आपापल्या वाटेनें जावें. विश्वासाचा प्रश्न उद्भवतो तो गिऱ्हाईक व दुकानदार यांच्यामध्यें अंतर पडतें तेव्हां. शंभर कोसांवरचा अनोळखी माणूस 'माल पाठवा, पैसे पोंचते होतील' असें म्हणतो. त्याच्या शब्दाची किंमत काय? तो शब्द खोटा ठरला तर नुकसान कोणाच्या पदरीं पडावयाचें? आणि या दोन गोष्टी ठरविणारा मध्यस्थ कोण? या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक युगानें आपापल्या परीनें दिलेलीं आहेत. आज घरबसल्या क्रेडिट कार्डाचे आंकडे टिपून पैसे देणारें गिऱ्हाईक आणि ते पैसे स्वीकारणारा दुकानदार यांच्यामध्यें 'पेमेंट गेटवे' नांवाची जी यंत्रणा उभी असते, ती याच प्रश्नांच्या उत्तरांच्या मालिकेंतील एक दुवा होय. तिचें वय फार नाहीं. परंतु ज्या गरजेंतून ती जन्मास आली ती गरज फार जुनी आहे.

हिंदुस्थानांतील पेढीवाल्यांनीं या प्रश्नांना दिलेलें उत्तर म्हणजे हुंडी. पुण्याच्या सावकाराकडे रुपये भरून हुंडी घ्यावी, ती काशीस त्याच्या आडत्याच्या पेढीवर दाखवावी आणि तेथें रुपये मोजून घ्यावे, अशी ही रीत. मराठेशाहींत मुलुखाचा वसूल पाठवितांना किंवा दूरच्या यात्रेस निघतांना रोकड बरोबर बाळगण्यापेक्षां हुंडी नेणें शहाणपणाचें समजलें जाई. दर्शनी हुंडी दाखवितांच तिचे पैसे मिळत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेली मुदत भरल्यावर मिळत. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र वाटेल त्यास मिळत नसत. बाजारांत पत असलेल्या एखाद्या शाहूच्या मार्फतच ती वटे, आणि हुंडी चोरीची किंवा बनावट ठरली तर घेतलेले पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहूवर येई. आज केवळ उपरोधानें वापरला जाणारा 'शहाजोग' हा शब्द मूळचा असा भरंवशाच्या व्यवहारांतला आहे.

हुंडीच्या मजकुरांतहि सावधगिरी भरलेली असे. रक्कम एकदां आंकड्यांत व एकदां अक्षरांत लिहून शिवाय तिची निमपट सांगत आणि 'त्याची दुप्पट' असें पुन्हां नमूद करीत. शंभराचे हजार करूं पाहणाऱ्या लबाडास एका जागीं नव्हे तर तीन-चार जागीं खाडाखोड करावी लागे व तो पकडला जाई. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, मिळे; तीहि हरवली तर परपेठ मिळे. या सर्व सेवेबद्दल पेढीवाला जो मोबदला घेई ती हुंडणावळ. १८८१ चा हुंडी-चेकांसंबंधींचा कायदा झाला तेव्हांहि देशी भाषांत लिहिलेल्या हुंड्यांच्या बाबतींत स्थानिक रूढींस त्यानें धक्का लावला नाहीं. इतकी ती रूढी नीट बसलेली होती. तथापि हुंडी हें पेढीवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वर्तुळांतील साधन होतें. शाहूच शाहूस ओळखत असे. सामान्य गृहस्थास ओळखणारें तेथें कोणी नव्हतें.

त्या गृहस्थास दूरच्या दुकानांतून वस्तु मागविण्याची सोय झाली ती टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धत सुरू केली तेव्हां. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाचें पुस्तक आडगांवच्या वाचकाच्या हातीं पडावें, तें देतांना पोस्टमननें पैसे घ्यावे व टपालखात्यानें ते प्रकाशकाकडे रवाना करावे, अशी ही सोपी योजना. गिऱ्हाइकाच्या शब्दावर विसंबण्याचें कारणच तिनें नाहींसें केलें. परंतु पार्सल आल्यावर गिऱ्हाइकानें तें नाकारलें, तर जाण्यायेण्याचा खर्च दुकानदाराच्या माथीं बसे. म्हणजे मध्यस्थ विश्वासू मिळाला, तरी जोखीम होती तेथेंच राहिली. पुढील सर्व इतिहासांत हा जोखमीचा धागा नजरेआड होऊं देतां कामा नये.

आतां अमेरिकेकडे वळावयास हवें, कारण कार्डाचा जन्म तेथला. तेथील मोठ्या दुकानांनीं आपापल्या नेहमींच्या गिऱ्हाइकांना उधारीचीं कार्डें व धातूच्या पट्ट्या देण्याचा प्रघात पूर्वींच पाडला होता. पण एका दुकानाची पट्टी दुसऱ्या दुकानांत चालत नसे. १९५० सालीं फ्रँक मॅकनमारा यानें न्यूयॉर्क येथें 'डायनर्स क्लब' काढला. त्याचें पुठ्ठ्याचें कार्ड अनेक उपाहारगृहांत चालूं लागलें. गिऱ्हाइकानें जेवून सही करावी, क्लबानें उपाहारगृहास पैसे द्यावे, आणि महिनाअखेर गिऱ्हाइकाकडून वसूल करावे. उपाहारगृहाच्या बिलांतून क्लब जो हिस्सा कापून घेई, ती म्हणजे इंग्रजी वेषांतली हुंडणावळच होती.

यानंतरचें पाऊल बँकेनें टाकलें, आणि तें मोठ्या धाडसाचें ठरलें. १९५८ च्या सप्टेंबरांत बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेझ्नो शहरीं सुमारें ६०,००० कार्डें टपालानें घरोघर पाठवून दिलीं. तीं कोणी मागितलेलीं नव्हतीं. बँकेचा हिशेब असा होता कीं, कार्ड घेणारा दुकानदार नाहीं म्हणून गिऱ्हाईक कार्ड घेत नाहीं, आणि कार्ड असलेलें गिऱ्हाईक नाहीं म्हणून दुकानदार तें स्वीकारीत नाहीं. ही कोंडी फोडावयाची तर एका शहरांत एकाच दिवशीं सर्वांच्या हातीं कार्ड पडलें पाहिजे. एका वर्षाच्या सुमारास सबंध राज्यांत २० लाख कार्डें पसरलीं. पण टपालपेट्यांतून तीं चोरीस गेलीं, बनावट सह्या होऊं लागल्या, आणि खऱ्या मालकांपैकींहि पुष्कळांनीं पैसे थकविले. शेंकडा ४ खातीं थकतील असा अंदाज होता. तीं शेंकडा २२ थकलीं. बँकेस ८८ लक्ष डॉलरांची खोट आली, आणि योजनेचा प्रवर्तक जोसेफ विल्यम्स यानें बँक सोडली. तथापि बँकेनें कार्ड सोडलें नाहीं. तिनें वसुलीची व तपासणीची व्यवस्था कसून बांधली आणि कांहीं वर्षांत धंदा नफ्यांत आणला. खोट बँकेच्या पदरीं पडली होती म्हणूनच सुधारणाहि बँकेनेंच केली, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१९६६ पासून हें कार्ड इतर बँकांनाहि परवान्यानें मिळूं लागलें, आणि त्याच वर्षीं प्रतिस्पर्धी बँकांनीं आपला निराळा संघ उभारला. पहिल्याचें नांव १९७६ सालीं 'व्हिसा' झालें. दुसऱ्याचें १९७९ सालीं 'मास्टरकार्ड' झालें. डी हॉक या बँक-अधिकाऱ्याच्या खटपटीनें १९७० सालीं पहिल्या कार्डाची मालकी एका बँकेकडून निघून सर्व सभासद-बँकांच्या सामायिक संस्थेकडे गेली. यामुळें एक नवीच रचना सिद्ध झाली. कार्ड देणारी बँक एक, दुकानदाराचें खातें सांभाळणारी बँक दुसरी, आणि दोघींमध्यें निरोपाची व हिशेबाची वाहतूक करणारें जाळें तिसरें. दुकानदारास गिऱ्हाइकाची ओळख नको, त्याच्या बँकेचीहि नको. स्वतःच्या बँकेची ओळख पुरे. पेढीच्या आडत्यांचें जें जाळें काशी-पुणें-सुरतेपुरतें होतें तें आतां पृथ्वीभर पसरलें.

सुरुवातीस मोठ्या रकमेची खरेदी असली कीं दुकानदार बँकेस टेलिफोन करून परवानगी विचारी, आणि बुडव्या व चोरीच्या कार्डांचे क्रमांक छापलेली पुस्तिका चाळून पाही. १९७३ पासून हीच विचारपूस विद्युत्-यंत्रांनीं होऊं लागली. कायद्यानेंहि आपलें काम केलें. न मागितलेलीं कार्डें पाठविण्यास अमेरिकेनें १९७० सालीं बंदी केली, आणि कार्डाचा कोणी दुरुपयोग केला तर मालकावर ५० डॉलरांहून अधिक बोजा पडूं नये असें ठरविलें. १९७४ च्या कायद्यानें चुकीच्या आकारणीस हरकत घेण्याचा हक्क गिऱ्हाइकास दिला. गिऱ्हाईक असें निर्धास्त झालें. नुकसानीची वांटणी आतां बँक आणि दुकानदार या दोघांतच व्हावयाची होती.

ती वांटणी कशी झाली हें पाहिलें म्हणजे पुढच्या सर्व अडचणींचें मूळ सांपडतें. गिऱ्हाईक दुकानांत येऊन कार्ड दाखवितें, सही करतें, व दुकानदार सर्व नियम पाळून परवानगी घेतो. असें झालें तर फसवणुकीचें नुकसान सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेनें सोसावयाचें. पण गिऱ्हाइकानें पत्रानें किंवा टेलिफोनवरून नुसता कार्डाचा क्रमांक कळविला असेल, तर खरा मालक 'हा व्यवहार माझा नव्हे' असें म्हणतांच ती रक्कम दुकानदाराच्या खात्यांतून परत काढून घेतली जावयाची. माल तर गेलेलाच असे, पैसेहि जात. बँकांचें म्हणणें असें कीं, ज्यानें कार्ड पाहिलें नाहीं त्यानें जोखीम घ्यावी. परंतु दुकानदाराच्या हातीं पारख करण्याचें साधन तरी कोणतें होतें? कार्डाच्या क्रमांकाचा शेवटचा आंकडा आधींच्या आंकड्यांवर ठराविक गणित करून काढलेला असतो. हान्स पेटर लून या गणितज्ञ यंत्रतज्ज्ञाची ही युक्ति. १९६० सालीं तिच्यावर आधारलेल्या उपकरणाचें पेटंट त्याच्या नांवें झालें. एखादा आंकडा चुकला तर हिशेब जुळत नाहीं व चूक लगेच कळते. हुंडींतल्या निमपटीची आठवण करून देणारी ही योजना खरी. पण ती चुकीपासून रक्षण करते, चोरापासून नव्हे. चोराजवळचा क्रमांक तर बरोबरच असतो.

क्रेडिट कार्डाची मूळ उणीव हीच होती. जो क्रमांक किल्लीप्रमाणें गुप्त ठेवावयाचा, तोच कार्डाच्या दर्शनी भागावर ठसठशीत छापलेला. प्रत्येक दुकानदारास, प्रत्येक वाढप्यास तो दिसावयाचा. घराची किल्ली दाराच्या चौकटीस टांगून ठेवावी तसा हा प्रकार होता. गिऱ्हाईक व कार्ड दोन्ही समोर असत तोंपर्यंत ही उणीव झांकली जाई. तीं दोन्ही दिसेनाशीं झालीं तेव्हां ती उघडी पडली.

इंटरनेटवरील व्यापारानें नेमकें हेंच घडवून आणलें. ११ ऑगस्ट १९९४ रोजीं अमेरिकेंतील न्यू हँपशायर राज्यांतल्या नॅशुआ गांवीं 'नेटमार्केट' नांवाच्या लहानशा दुकानानें फिलाडेल्फियांतील एका गिऱ्हाइकास गायक स्टिंग याच्या गाण्यांची तबकडी विकली. किंमत १२ डॉलर ४८ सेंट व पाठवणावळ निराळी. दुकानाचा चालक डॅन कोन हा अवघा २१ वर्षांचा होता. गिऱ्हाइकानें कार्डाचा क्रमांक सांकेतिक लिपींत बंद करून तारांवरून पाठविला. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें दुसऱ्याच दिवशीं ही बातमी छापली. या पद्धतीचा हाच पहिला व्यवहार कीं काय याविषयीं वाद आहे. परंतु क्रमांक बंद लिफाफ्यांत पाठवितां येतो हें त्यानें जगास दाखवून दिलें.

त्या काळीं इंटरनेटवरून जाणारा मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा असे. वाटेंतील कोणीहि तो वाचूं शके. म्हणून 'फर्स्ट व्हर्च्युअल' या कंपनीनें १९९४ सालींच एक निराळा मार्ग काढला. गिऱ्हाइकानें आपला कार्ड-क्रमांक एकदांच टेलिफोनवरून कंपनीस कळवावा, तिच्याकडून एक टोपणनांव घ्यावें, आणि खरेदीच्या वेळीं तेवढेंच दुकानदारास सांगावें. कंपनी गिऱ्हाइकास पत्र पाठवून 'ही खरेदी तुमचीच ना?' असें विचारी, आणि होकार आल्यावरच रक्कम वसूल करी. ही योजना फार काळ टिकली नाहीं. पण खरा क्रमांक दुकानदारास दाखवूंच नये आणि प्रत्येक खरेदीस मालकाची संमति घ्यावी, हे तिच्यांतील दोन्ही विचार पुढें हिंदुस्थानांत पुन्हां वर आले.

बाजारानें त्या वेळीं स्वीकारला तो सोपा मार्ग. १९९५ सालीं 'नेटस्केप' कंपनीनें आपल्या ब्राउझरांत एसएसएल नांवाची संकेतपद्धति बसविली. १९९९ पासून तिची सुधारलेली आवृत्ति टीएलएस या नांवानें ओळखली जाते. तिच्या मुळाशीं डिफी आणि हेलमन या दोघां संशोधकांनीं १९७६ सालीं मांडलेली कल्पना आहे. दुकानदारानें उघडीं कुलुपें वाटेल त्यास वांटावीं व किल्ली आपल्यापाशीं ठेवावी. कोणीहि पेटी बंद करूं शकेल, पण उघडूं शकेल तो दुकानदारच. यामुळें वाटेंतली चोरी थांबली. परंतु पेटी उघडल्यावर दुकानदाराकडे तो क्रमांक उघडाच पडे, आणि पलीकडचें गिऱ्हाईक कार्डाचें खरें मालक आहे कीं नाहीं हें कुलुपास सांगतां येत नसे.

ही उणीव व्हिसा व मास्टरकार्ड या दोघांनाहि दिसत होती. १९९६ सालीं त्यांनीं सेट नांवाची नवी पद्धति जाहीर केली व पुढच्या वर्षीं तिचे नियम छापले. तींत दुकानदारास कार्डाचा क्रमांक दिसण्याचें कारणच उरत नव्हतें, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातीं ओळखीचा सांकेतिक दाखला असावयाचा होता. या नियमांत 'पेमेंट गेटवे' हा व्यवहारांतील एक स्वतंत्र घटक म्हणून सांगितलेला आहे. रचना उत्तम, पण प्रत्येक गृहस्थानें आधीं दाखला मिळवावा, मग आपल्या यंत्रांत निराळी सामग्री बसवावी, आणि मग दहा डॉलरांचें पुस्तक घ्यावें, ही अपेक्षा कोणी पुरी केली नाहीं. नुकसान गिऱ्हाइकास सोसावयाचें नव्हतें. मग हे कष्ट त्यानें कां घ्यावे? सेट मागें पडलें, पण गेटवे राहिला. १९९६ सालीं निघालेल्या ऑथोराइझ डॉट नेट यासारख्या कंपन्यांनीं तो लहान दुकानदारांच्या आवांक्यांत आणला.

या गेटवेचें काम कसें चालतें तें एका साध्या उदाहरणानें कळेल. समजा, देवगडच्या एका बागाईतदारानें आंबे विकण्यासाठीं वेबसाइट काढली, आणि नागपूरच्या गृहिणीनें दोन पेट्या मागवून कार्डाचा क्रमांक भरला. गेटवे तो सांकेतिक लिपींत घेतो व बागाईतदाराच्या बँकेकडे पोंचवितो. ती बँक कार्डांच्या जाळ्यांतून गृहिणीच्या बँकेस विचारते कीं, हें कार्ड खरें आहे काय, पुरेशी पत शिल्लक आहे काय? होकार किंवा नकार त्याच वाटेनें कांहीं सेकंदांत परत येतो. या क्षणीं एक पैसाहि हललेला नसतो; हललेला असतो तो केवळ शब्द. पैसे मागाहून बँकांच्या आपसांतील हिशेबांत वळते होतात, आणि हुंडणावळीसारखा थोडासा हिस्सा कापून बागाईतदाराच्या खात्यांत जमा पडतात. हुंडी सकारणें व हुंडीचे पैसे मोजणें या जशा दोन निराळ्या क्रिया, तशाच याहि. गेटवे हा सकारल्याचा निरोप आणणारा जासूद होय.

पण हा जासूद, हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या आणि लहानमोठे दुकानदार या सर्वांच्या दप्तरांत लाखों क्रमांक सांचूं लागले, आणि चोरांचें लक्ष वाटेवरून कोठारांकडे वळलें. २००५ सालीं अमेरिकेंतील एका हिशेबनीस कंपनीच्या दप्तरांतून सुमारें ४ कोटी कार्डांची माहिती चोरांच्या आवांक्यांत गेली. २००९ च्या जानेवारींत उघडकीस आलेल्या दुसऱ्या प्रकरणांत ही संख्या १३ कोटींच्या घरांत होती. कार्ड-संघांनीं २००४ च्या डिसेंबरांत दप्तर-सुरक्षिततेचे सामायिक नियम घालून दिले होते, तरी हें घडलें. कार्डामागें छापलेले तीन आंकडे विचारण्याचा प्रघातहि पडला. पण तेहि पुन्हां कार्डावरच छापलेले. २००१ च्या सुमारास व्हिसानें खरेदीच्या वेळीं कार्ड देणाऱ्या बँकेनेंच गिऱ्हाइकास संकेतशब्द विचारावा अशी पद्धति काढली, आणि तीबरोबर एक महत्त्वाची अट घातली: ही विचारपूस झाल्यावर व्यवहार खोटा निघाला तर नुकसान दुकानदाराचें नव्हे, बँकेचें. तरीहि अमेरिकेंतील पुष्कळ दुकानदारांनीं ती टाळली. एक प्रश्न अधिक विचारला कीं कांहीं गिऱ्हाइकें टोपली टाकून निघून जातात, आणि फसवणुकीपेक्षां ती खोट त्यांना मोठी वाटली.

हिंदुस्थानांत कार्डाचा प्रवेश उशिरा झाला. मुंबईच्या सेंट्रल बँक ऑफ इंडियानें १९८० सालीं 'सेंट्रलकार्ड' काढलें. इंटरनेट सामान्य लोकांस १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें, आणि २००० सालीं विद्युत्-दप्तरांस कायद्याची मान्यता मिळाली. त्याच वर्षीं मुंबईस 'बिलडेस्क' ही बिलांचे पैसे स्वीकारणारी कंपनी निघाली. २००२ च्या ऑगस्टांत रेल्वेचीं तिकिटें इंटरनेटवर मिळूं लागलीं, आणि ज्या मध्यमवर्गीय घरानें दुकानांतहि कधीं कार्ड पुढें केलें नव्हतें त्यानें तें प्रथम बाहेर काढलें तें बहुधा गांवच्या तिकिटासाठीं. तिकिटाच्या खिडकीपुढची रांग चुकविण्याच्या इच्छेनें संशयावर मात केली.

यानंतर रिझर्व्ह बँकेनें जें पाऊल उचललें तें या सर्व इतिहासांतील एक निर्णायक पाऊल मानण्यास हरकत नाहीं. १८ फेब्रुवारी २००९ च्या परिपत्रकानें तिनें आज्ञा केली कीं, १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डाच्या प्रत्येक व्यवहारास आणखी एक पुरावा बँकांनीं मागावा, आणि तो कार्डावर दिसणाऱ्या माहितीहून निराळा असावा. 'कार्डावर न दिसणारा' या एका अटींत जुन्या दुखण्याचें अचूक निदान होतें. अमेरिकेनें जें दुकानदाराच्या मर्जीवर सोडलें तें येथें सर्वांस सक्तीचें झालें. पुढें हा पुरावा बहुशः मोबाइलवर येणाऱ्या, एकदांच चालणाऱ्या संकेतांकाच्या रूपानें घरोघर परिचित झाला. व्यापाऱ्यांकडून तक्रारी आल्या. संकेतांक वेळेवर येत नाहीं, गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून जातें, असें ते म्हणत, व त्यांत तथ्यहि होतें. कांहीं कंपन्यांनीं देशांतलाच व्यवहार परदेशी बँकेमार्फत फिरवून ही अट चुकविली. रिझर्व्ह बँकेनें २०१४ च्या ऑगस्टांत तीहि पळवाट बंद केली.

दुसरी काळजी दुकानदाराच्या पैशाची होती. लहान दुकानदारास बँक सहसा दारांत उभी करीत नसे. म्हणून अनेक दुकानदारांच्या वतीनें पैसे गोळा करणारे मध्यस्थ निघाले. आतां असा मध्यस्थच बुडाला तर? २००९ च्या नोव्हेंबरांतील आदेशानें ही रक्कम मध्यस्थानें स्वतःच्या पैशांत मिसळूं नये, बँकेतील निराळ्या खात्यांत ठेवावी व ठराविक दिवसांत दुकानदारास पोंचती करावी, असें ठरलें. मार्च २०२० च्या नियमांनीं अशा मध्यस्थांस रिझर्व्ह बँकेच्या परवानगीखालीं आणलें. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांनीं व मध्यस्थांनीं गिऱ्हाइकांचे कार्ड-क्रमांक आपल्या दप्तरीं सांठवून ठेवण्यास बंदी होऊन त्यांऐवजीं टोकन, म्हणजे त्या एका दुकानापुरता चालणारा बदली क्रमांक, ठेवण्याची पद्धति आली. चोरानें तो पळविला तरी दुसरीकडे त्याचा उपयोग नाहीं. शहाजोग हुंडी चोराच्या हातीं जशी निरुपयोगी, तसाच हा क्रमांक. दरम्यान २०१६ सालीं निघालेल्या यूपीआयनें कार्डावांचूनहि खात्यांतून खात्यांत पैसे पाठविण्याची सोय करून दिली, आणि तेथेंहि मालकाचा गुप्त संकेतांक हाच पाया राहिला.

या इतिहासावरून एक नियम स्पष्ट दिसतो. ज्याच्या हातीं सावधगिरीचें साधन आहे त्याच्याच पदरीं जेव्हां नुकसान पडतें, तेव्हां व्यवस्था सुधारते. शहाजोग हुंडीचा शाहू सावध राही, कारण पैसे त्यास परत करावे लागत. फ्रेझ्नोची खोट बँकेस लागली, म्हणून बँकेनें तपासणी शिकून घेतली. उलट, न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाची जोखीम निःशस्त्र दुकानदारावर ढकलली गेली, आणि कार्डावरचा उघडा क्रमांक वर्षानुवर्षें तसाच किल्लीचें काम करीत राहिला.

आतां साधन गिऱ्हाइकाच्या हातीं आलें आहे, आणि म्हणून जबाबदारीहि आली आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानें बँकेचा वा गिऱ्हाइकाचा दोष नसतां तिऱ्हाइतानें केलेली फसवणूक तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास गिऱ्हाइकावर कांहींहि बोजा पडूं नये असें ठरविलें. पण गुप्त संकेत स्वतःच दुसऱ्यास सांगितला, तर बँकेस कळविण्यापूर्वींचें नुकसान त्यानेंच सोसावयाचें. भामट्यांनीं हें बरोबर ओळखलें आहे. ते आतां कुलूप फोडीत नाहींत. टेलिफोनवर बँकेचा अधिकारी बनून किल्लीच मागून घेतात. वृद्ध आईबापांस, नव्यानें कार्ड मिळालेल्या मुलांस आणि घरांतील नोकरमाणसांस ही एक गोष्ट पुन्हां पुन्हां सांगणें हें सुशिक्षित कुटुंबाचें काम आहे कीं, मोबाइलवर आलेला संकेतांक ही मालकाची सही आहे, आणि कोऱ्या कागदावर सही मागणारा कितीहि गोड बोलला तरी ती त्यास द्यावयाची नसते. पेढीवरील जुना मुनीम हुंडी सकारण्यापूर्वीं ती उजेडांत धरून दोनदां वाची. यंत्रें कितीहि वेगवान झालीं, तरी ती संवय टाकून देण्याजोगी झालेली नाहीं.